विश्लेषण : धुराड्याचे भोक पावसाळ्यात का बुजवले जाते?

नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ तालुक्यांत पावसाळ्याचे चार महिने स्वयंपाक अंगणात करता येत नाही. चूल घरातच पेटते. सरपण ओले असते, झडीमुळे दार-खिडक्या लोटलेल्या असतात आणि घरात धूर सर्वाधिक कोंडतो तो याच दिवसांत. नेमक्या याच दिवसांत चुलीला लावलेला धुराचा पाइप कुचकामी ठरतो. तो जिथून छपराबाहेर पडतो तिथून पाणी गळू लागते. मग त्या भोकात गोणपाट, चिंध्या, प्लास्टिकचा कागद कोंबला जातो आणि पाइप उपसून पडवीत उभा केला जातो. चुलींच्या योजना आल्या, गॅस आला, घरकुले आली. या वीतभर भोकाची जबाबदारी मात्र कुणाच्याच कामात लिहिलेली नाही.

पूर्वीच्या घरात धूर जायचा कुठून?

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. अक्कलकुवा, अक्राणी या भागातील भिल्ल, पावरा कुटुंबांचे पारंपरिक घर म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर कौले. अशा घराला धुराडे नसते आणि त्याची गरजही फारशी भासत नाही. कौलांच्या फटींतून, भिंत आणि छप्पर यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यातून धूर हळूहळू निघून जातो. तो फुकटही जात नाही. चुलीवर टांगलेली मक्याची कणसे आणि बियाणे त्याने कोरडे राहते, वाशांना कीड कमी लागते. मात्र बाईच्या डोळ्यांत आणि छातीत तो जातोच.

शहादा-तळोद्याच्या सपाटीवरील धाब्याच्या घरांची तऱ्हा वेगळी. मातीच्या सपाट छताला धूर आणि उजेड यांच्यासाठी एक साणे ठेवलेले असे. त्याच्याभोवती मातीचा कडा थापून उंच केलेला असे, म्हणजे धाब्यावरचे पाणी आत येत नसे. छताला भोक पाडायचे तर त्याचा काठ छतापेक्षा उंच हवा, हे गावच्या गवंड्याला कुणी शिकवावे लागत नव्हते.

आता कौलांच्या जागी पत्रे आले, धाब्याच्या जागी स्लॅब. घर अधिक पक्के झाले, पण सगळ्या फटी बुजल्या. धूर आत कोंडू लागला आणि पाइपाची गरज निर्माण झाली.

निर्धूर चुलीचे काय झाले?

केंद्र सरकारने १९८३च्या अखेरीस सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२मध्ये थांबवला गेला, तोवर देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद झाली होती. महाराष्ट्रात ती ‘निर्धूर चूल’ म्हणून ओळखली गेली. दोन मुखांची चूल, मागे सिमेंटचा पाइप, पाइपावर टोपी. चुलीच्या रचनेवर चांगले काम झाले होते, पुण्यातील संस्थांनीही त्यात भर घातली. पण पुढची काही वर्षे त्यांतल्या किती चुली धूर बाहेर टाकत राहिल्या, हा प्रश्न विचारला की सगळे अडखळतात.

ओडिशातील ४४ गावांत रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी धुराड्याच्या चुलींचा चार वर्षे माग काढला. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष बोलका आहे. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला. नंतर तो फरक नाहीसा झाला. चुली मोडल्या, दुरुस्त झाल्या नाहीत, लोकांनी त्या नियमित वापरल्या नाहीत. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली वस्तू घरात देखभालीअभावी हरली. या अभ्यासाचा हवाला देऊन ‘लोकांनाच चूल नको आहे’ असे म्हणणारे बरेच भेटतात. तो अर्थ सोयीचा आहे, बरोबर नाही. भाकरी थापताना डोक्यावर पाणी टपकत असेल तर कोणतीही गृहिणी आधी भोक बुजवेल. तिच्या दृष्टीने तोच शहाणपणाचा निर्णय आहे, कारण धुराने होणारा आजार वर्षांनी दिसतो आणि भिजलेले धान्य त्याच रात्री दिसते.

गॅस आल्यावर हा प्रश्न उरतो का?

उरतो. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि जोडण्या दुर्गम पाड्यांपर्यंत गेल्या. पण संसदेत सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार उज्ज्वलाच्या लाभार्थी कुटुंबाचा देशातील सरासरी वापर २०२४-२५मध्ये वर्षाला साडेचार सिलिंडरच्या आसपास होता. पाच-सहा माणसांच्या घराचा वर्षभराचा सगळा स्वयंपाक तेवढ्यात होत नाही. उरलेला चुलीवर होतो. भाकरी, आंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण, पाहुण्यांचे मोठे पातेले यांसाठी चूल पेटतेच. त्यात रस्ता खचला की सिलिंडरची गाडी वरच्या पाड्यांवर पोहोचत नाही, आणि रस्ते खचतात तेही पावसाळ्यातच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, त्यांत पाच वर्षांखालील मुले दोन लाखांहून अधिक. कुपोषणाच्या बातम्यांमुळे ज्या जिल्ह्याचे नाव वारंवार छापून येते, तिथल्या लहानग्यांच्या न्यूमोनियाचा विचार करताना चुलीमागच्या पाइपाचाही विचार व्हायला हवा.

पाणी नेमके शिरते कुठून?

उतरत्या छपरावर पाणी वरून खाली धावते. वाटेत पाइप उभा केला की तो ओढ्यातल्या दगडासारखे काम करतो. त्याच्या वरच्या अंगाला पाणी थबकते, तुंबते आणि मिळेल त्या फटीतून आत उतरते. गळती बहुतेक वेळा पाइपाच्या वरच्या बाजूने सुरू होते, आणि दुरुस्ती मात्र शिडीवरून हात पोहोचतो म्हणून खालच्या बाजूला केली जाते. सातपुड्यात त्यात सागाच्या पानांची भर. उन्हाळ्यात झडलेली मोठी पाने आणि धूळ पाइपाच्या मागे अडकून छोटा बांधच तयार होतो. पहिल्या पावसात ती पाने कुजतात आणि ओल धरून ठेवतात.

दुसरा मार्ग खुद्द पाइपाचा. वरची टोपी उडालेली असेल तर सर सरळ चुलीत उतरते. तिसरा प्रकार फसवा आहे. थंडीत, पाऊस नसताना पाइपाच्या सांध्यातून तपकिरी-काळे थेंब गळतात. ते पावसाचे पाणी नसते. ओल्या लाकडाच्या धुरातील वाफ थंड पाइपात निवते आणि काजळी घेऊन खाली येते. त्यावर छपराची दुरुस्ती करणे व्यर्थ आहे. सरपण वाळवणे आणि पाइप साफ करणे हाच उपाय.

सिमेंट किंवा डांबर लावले की भागत नाही?

गावोगावी हाच उपाय होतो आणि दरवर्षी तो पुन्हा करावा लागतो. कारण साधे आहे. चूल पेटली की पाइप तापतो, फुगतो, लांबतो. विझली की आकसतो. दिवसातून दोन-तीनदा हे घडते. सिमेंट मात्र जागचे हलत नाही. पहिल्याच महिन्यात पाइप आणि सिमेंट यांच्यात केसाएवढी चीर पडते आणि पाण्याला तेवढी पुरते. डांबर उन्हाळ्यात पाघळून ओघळते, थंडीत कडक होऊन तडकते. बाजारातील चिकट लुगदीचेही तेच. एकमेकांच्या तुलनेत हलणाऱ्या दोन वस्तू चिकटवून जलरोधक होत नाहीत. त्या एकीवर एक पांघरून होतात.

कौलांचे छप्पर याच तत्त्वावर उभे आहे. कौले एकमेकांना चिकटवलेली नसतात. माशाच्या खवल्यांप्रमाणे वरचे कौल खालच्यावर चढलेले असते, आणि पाणी आपल्या वजनाने खाली जाते. पाइपाभोवतीही हेच करायचे. या पत्र्याच्या पांघरुणाला बांधकामाच्या भाषेत ‘फ्लॅशिंग’ म्हणतात, साध्या भाषेत पाइपाची कॉलर.

ही कॉलर बसवायची कशी?

पहिला निर्णय जागेचा. पाइप जितका आढ्याजवळ बाहेर पडेल, तितके त्याच्या वरच्या अंगाला छप्पर कमी आणि म्हणून येणारे पाणी कमी. वळचणीजवळ भोक पाडले की संपूर्ण पाख्याचे पाणी त्याच्यावर येते. चूल कोपऱ्यात आहे म्हणून पाइप सरळ वर काढून वळचणीशी भोक पाडणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, आणि पुढे कितीही खर्च केला तरी ती पुरती भरून निघत नाही. धुराचा ओढा नीट राहावा म्हणून पाइपाचे तोंड आढ्यापेक्षा दोनेक फूट उंच लागते. आढ्याजवळून पाइप काढला तर तेवढी उंची कमी पाइपात मिळते, आणि वाऱ्यात तो डुलतही नाही.

चार इंची पाइपासाठी साधारण दोन फूट लांब-रुंद जस्ती पत्रा लागतो. त्याच्या मधोमध भोक आणि भोकाच्या काठावर सहा इंच उंच शंकूसारखा गळा, असा हा तुकडा कोणताही पत्रेकाम करणारा कारागीर बनवून देऊ शकतो. खरी गोम बसवण्यात आहे. या तुकड्याची वरची कड वरच्या कौलांच्या खाली सरकली पाहिजे आणि खालची कड खालच्या कौलांच्या वर आली पाहिजे. उलटे झाले, म्हणजे सगळा तुकडा नुसता कौलांवर ठेवून खिळे मारले, तर वरून आलेले पाणी थेट पत्र्याखाली शिरते. दुर्दैवाने तसेच अधिक वेळा दिसते, कारण कौले उचकटायचा त्रास वाचतो. दोन्ही बाजूंच्या कडा अर्धा इंच वर दुमडल्या की पाणी आडवे पळत नाही.

नागमोडी पत्र्याच्या छपराला हे जरा अवघड. चार इंची पाइप एका पन्हळीत मावत नाही, तो एक-दोन पन्हळी अडवतोच. तिथे कॉलरचा मागचा पत्रा लांब घेऊन थेट आढ्यावरच्या कोन्याखाली खुपसणे सर्वांत भरवशाचे. पाइप आढ्याजवळ असावा याचे हे आणखी एक कारण. स्क्रू रबरी वॉशरसह आणि पन्हळीच्या उंचवट्यावरच मारायचे, खोलगटीत नाही, कारण पाणी खोलगटीतून वाहते. छप्पर सिमेंटच्या पत्र्याचे असेल तर भोक पाडताना पत्रा ओला करावा, तोंडाला फडके बांधावे आणि मुले लांब ठेवावीत. त्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि त्यांची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

शंकूसारखा गळा आणि पाइप यांच्यात थोडी फट राहू द्यायची. ती बुजवायची नाही. तिच्या वर, पाइपालाच घट्ट आवळलेली, उलट्या वाटीसारखी दुसरी छोटी कॉलर बसवायची. पाइप तापून वर-खाली झाला की ही वाटी त्याच्याबरोबर हलते, खालचा गळा छपराबरोबर स्थिर राहतो, आणि पाऊस वाटीवरून गळ्याच्या बाहेर पडतो. उष्णता सोसणारे सिलिकॉन लावायचेच तर वाटी आणि पाइप यांच्या सांध्यात, बाकी कुठे नाही. छपराच्या वर पाइपाला शक्यतो जोड नसावा. टोपी पाइपाच्या तोंडापासून इतकी उंच हवी की धुराला वाट राहील. पावसाच्या धास्तीने ती अगदी टेकवून बसवली तर धूर घरातच परततो.

एक गोष्ट मात्र गळतीहून गंभीर आहे. तापलेला पाइप लाकडी वासा, बांबू, गवत किंवा प्लास्टिकला टेकता कामा नये. भोवती निदान वीतभर मोकळी जागा ठेवून ती पत्र्याच्या ताटलीने झाकावी, जागा अधिक ठेवता आली तर उत्तम. गवताच्या छपरातून असा एकेरी पाइप काढूच नये. भोकात कोंबलेले गोणपाट पावसाळ्यात ओले असते म्हणून पेटत नाही. दिवाळीनंतर तेच वाळून पाइपाला चिकटलेले असते.

स्लॅबच्या घरकुलात काय करावे?

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम प्रदेशासाठी १ लाख ३० हजार रुपये मूळ साहाय्य ठरले आहे. घर किमान २५ चौरस मीटरचे हवे आणि त्यात स्वयंपाकाची आरोग्यदायी जागा धरलेली हवी, असा नियम आहे. आरोग्यदायी म्हणजे काय, तर धूर बाहेर जाणारी, इतका अर्थ तरी त्यात असायला हवा. प्रत्यक्षात स्लॅब भरताना धुराड्याची जागा ठेवण्याचे कुणाच्या ध्यानात राहत नाही. घर बांधून झाल्यावर छिन्नी-हातोड्याने स्लॅब फोडली जाते. त्यात सळई उघडी पडते, ती गंजते, आणि गळती भोकापुरती न राहता स्लॅबभर पसरते.

उपाय स्लॅब भरण्याच्या दिवशीच करायचा. पाइपापेक्षा दोन इंच मोठे नळकांडे शटरिंगवर उभे करून ते स्लॅबमध्येच बसवायचे. वरच्या बाजूला त्याच्याभोवती सहा इंच उंचीचा सिमेंटचा कठडा घ्यायचा आणि कठडा व स्लॅब जिथे मिळतात तिथे गोलसर वाटा काढायचा. पाइपाला आवळलेली वाटी या कठड्यावर छत्रीसारखी आली की काम झाले. धाब्याच्या साण्याभोवतीचा मातीचा कडा तोच आहे, फक्त सिमेंटचा.

छपराला भोकच नको म्हणून पाइप भिंतीतून बाहेर काढण्याचाही पर्याय असतो. गळतीच्या दृष्टीने तो सोपा. भिंतीतले भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवले की झाले. पण कोपऱ्यात काजळी साचते, बाहेरचा पाइप थंड राहिल्याने धुराचा ओढा मंदावतो. जिथे महिन्याला पाइप उघडून झाडता येईल तिथेच तो घ्यावा. वळचणीखालीच पाइप संपवला तर धूर वाऱ्याबरोबर पुन्हा घरात येतो.

देखभाल कधी आणि किती?

खान्देशात आखाजी झाली की मृगाच्या आधी घर शाकारायची घाई सुरू होते. पाइपाचे कामही त्याच शिडीवर व्हावे. मागे साचलेला पाचोळा काढणे, वानरांनी हलवलेली कौले नीट करणे, वाटी घट्ट आहे का पाहणे, टोपी झाडणे, पाइपातून काठीला चिंध्या बांधून काजळी उतरवणे. नंतर कळशीभर पाण्याची परीक्षा. एकाने आत उभे राहायचे, दुसऱ्याने आधी पाइपाच्या खालच्या अंगाला, मग बाजूंना आणि शेवटी वरच्या अंगाला हळूहळू पाणी ओतायचे. ज्या टप्प्यावर थेंब आला तिथे दोष. एकदम वरून बादली उपडी केली तर सगळेच ओले होते आणि काहीच कळत नाही. पत्र्यावर गंजाची भोके दिसली तर त्यावर लुगदी फासण्यापेक्षा तुकडा बदलणे स्वस्त पडते.

मग हे काम कुणाचे?

गवंडी म्हणतो पाइप चूलवाल्याचा, चूलवाला म्हणतो छप्पर गवंड्याचे. योजनांचेही तसेच आहे. चुलीच्या योजनेत चुली मोजल्या गेल्या, गॅसच्या योजनेत जोडण्या, घरकुलात पूर्ण झालेली घरे. छप्पर आणि पाइप यांचा सांधा या तिन्हींच्या मधे पडतो.

घरकुलाचे पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात आणि प्रत्येक टप्प्याला बांधकामाचे छायाचित्र जागेच्या नोंदीसह चढवावे लागते. त्यात स्लॅब भरण्याआधीच्या नळकांड्याचे एक छायाचित्र वाढवायला नवी योजना लागत नाही. याच योजनेत ग्रामीण गवंड्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. त्या अभ्यासक्रमात एक दिवस पाइपाच्या कॉलरला देता येईल, आणि सातपुड्यातील मुलांसाठी तो पावरी-भिलीत शिकवता येईल. शबरी आदिवासी घरकुल योजनेच्या अंदाजपत्रकातही दोन फूट पत्रा आणि एक वाटी अशी ओळ घालणे आदिवासी विकास विभागाला अवघड नाही. इथे आक्षेप येईल की आधीच अपुऱ्या रकमेत आणखी एक बाब कशाला. पण धुराडे नंतर फोडून बसवण्याचा आणि दरवर्षी डांबर फासण्याचा खर्च लाभार्थ्याच्याच खिशातून जातो, फक्त तो कोणत्याही कागदावर दिसत नाही.

तपासणीची वेळही बदलायला हवी. आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते, कामे पूर्ण दाखवण्याची घाईही तेव्हाच असते. मार्चमध्ये कोणतेच छप्पर गळत नाही. अक्राणीतल्या घरकुलाचे धुराडे पाहायचे असेल तर ते श्रावणात, चूल पेटलेली असताना पाहावे लागेल.